पाचवं घर

विमलाबाई माझ्याकडे नऊ वर्षं पोळ्या-भाजी करायला येत होत्या. सकाळी अकराच्या सुमारास यायच्या, बेल एकदाच वाजवायच्या आणि दार उघडेपर्यंत जिन्यात उभ्या राहायच्या. मी आंघोळीत असले तर दहा दहा मिनिटंसुद्धा. एकदा मी म्हटलं, "अहो, पुन्हा वाजवायची की." तर म्हणाल्या, "वाजलीय ना ताई एकदा." आवाज करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. भांडी घासणाऱ्या कांताबाई आल्या की अख्ख्या मजल्याला कळायचं. विमलाबाई येऊन गेल्याचं फक्त फोडणीच्या वासावरून कळायचं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मिस्टर जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा बुद्धभूषण बंगळूरला असतो. कोथरूडच्या या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते. मजल्यावर दोनच फ्लॅट, एक माझा आणि समोरचा मुक्ताईंचा. मुक्ताई शाळेत भूगोल शिकवायच्या. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी दारात येऊन आमच्या हॉलमधली बुद्धमूर्ती पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं, शांत लोक आलेत. आधीचे भाडेकरू तबला शिकत होते." आमची ओळख अशी झाली आणि पुढे अठरा वर्षं तशीच राहिली. फार येणं-जाणं नाही, पण एकमेकींना एकमेकींची चाहूल असायची.

विमलाबाई मुक्ताईंकडेही स्वयंपाक करायच्या. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मुक्ताई गेल्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. सकाळी विमलाबाईंनी बेल वाजवली, दार उघडेना, म्हणून त्या नेहमीप्रमाणे उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी मीच दूध आत घ्यायला दार उघडलं तेव्हा त्या तिथे उभ्या होत्या. शेवटी कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. मुक्ताई झोपेतच गेल्या होत्या.

त्यांची मुलगी रुपाली मेलबर्नहून आली, तीन आठवडे राहिली. घर विकायचं की ठेवायचं हे तिला ठरवता येईना. जाताना तिने किल्ली विमलाबाईंच्या हातात दिली. आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, नळ सोडून पाणी जाऊ द्यायचं. त्याबद्दल ती दरमहा काहीतरी पाठवणार होती. किल्ली मला न देता त्यांना दिली याचं मला थोडं वाईट वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

आता विमलाबाईंच्या घराबद्दल. त्या मूळच्या पुसदकडच्या. नवरा ज्ञानदेव आणि पाच वर्षांचा संतोष यांना घेऊन पुण्यात आल्या, त्याला बावीस वर्षं झाली होती. ज्ञानदेव मार्केट यार्डात हमाली करायचे. बिबवेवाडीत पहिल्या मजल्यावर दीड खोली घेतली होती. खाली लोखंडी ग्रिल बनवणाऱ्याचं दुकान. सकाळी नऊला त्याचं कटर सुरू व्हायचं ते संध्याकाळी सातपर्यंत. लोखंड कापल्याचा तो आवाज जमिनीतून पायात येतो, असं त्या सांगायच्या. समोर रस्ता, रस्त्यावर बसथांबा, आणि कोपऱ्यावर मंगल कार्यालय. लग्नसराईत ग्रिलवाला बंद करायचा तेव्हा बँड सुरू व्हायचा.

पण हे सगळं त्यांनी वीस वर्षं सहन केलं होतं आणि त्याबद्दल कधी कुरकूर केली नव्हती. तीन वर्षांपूर्वी ज्ञानदेवांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. जी उरली तिच्यात एकच शब्द स्पष्ट यायचा. विमल. पाणी हवं असलं तरी विमल, कूस बदलायची असली तरी विमल, काही नको असलं तरी विमल. डाव्या हातात स्टीलचा पेला धरून ते खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटायचे. सून निकिता सकाळी एका बालवाडीत मदतनीस म्हणून जायची, दुपारी घरी असायची. पण तिने पाणी दिलं तरी ते घ्यायचे नाहीत. पेला आपटत राहायचे.

"आधी असे नव्हते हो," विमलाबाई एकदा कणीक मळताना म्हणाल्या. "आधी तर मला नावानं कधी हाकच नाही मारली. 'ऐकलं का' म्हणायचे. आता दिवसातून दोनशे वेळा नाव घेतात."

मी काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमच्यावर जीव आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या.

त्यांची चार घरं होती. सकाळी साडेसहाची बस पकडून स्वारगेटला यायचं, तिथून कोथरूडची बस. दोन घरं शेजारच्या सोसायटीत, एक खालच्या मजल्यावर, शेवटचं माझं. दीड वाजता त्या मोकळ्या व्हायच्या. म्हणजे पावणेतीन-तीनला घरी पोचायला हरकत नव्हती. पण त्या पोचायच्या साडेपाचला. घरी त्यांनी सांगितलं होतं की पाचवं घर धरलंय, तिथे चारपर्यंत काम असतं.

पाचवं घर म्हणजे मुक्ताईंचा बंद फ्लॅट.

मला हे कळलं ते असं. दुपारी दीड ते चार ही माझी झोपेची वेळ. दाराबाहेर तशी पाटी लावलेली नाही, पण लावायची इच्छा नेहमी होते. एका दुपारी झोप लागेना म्हणून मी पुस्तक घेऊन हॉलमध्ये बसले होते. चारच्या आसपास समोरचं कुलूप हळूच वाजलं. मी दार उघडलं. विमलाबाई चपला हातात घेऊन उभ्या होत्या. 

"केर काढत होते," त्या म्हणाल्या.

"केर सोमवारी आणि गुरुवारी असतो ना?" आज बुधवार होता. हे मी कशाला बोलले कोण जाणे. पस्तीस वर्षं ऑफिसात लोकांची हजेरी तपासल्याचा परिणाम.

त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसती बसते ताई. कशाला हात लावत नाही. दिवाणावर पण नाही बसत. खाली बसते."

"रोज?"

"रविवार सोडून."

मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाल्या. चपला पायात सरकवून जिना उतरून गेल्या. चपला आत का नेत होत्या ते माझ्या नंतर लक्षात आलं. दाराबाहेर दिसू नयेत म्हणून.

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. त्यांनी बसणं सोडलं नाही, आणि मीही रुपालीला कळवलं नाही. दुपारी आडवी झाले की समोर त्या बसल्या आहेत हे मला ठाऊक असायचं. खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलं होतं. मुक्ताई गेल्यापासून समोरचं दार मुकं झालं होतं, आता त्याच्यापलीकडे परत कोणीतरी होतं.

एकदा मात्र मी त्यांच्याबरोबर बसले. जानेवारीतली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर फरशी बदलायचं काम निघालं होतं, मला घरात थांबवेना. विमलाबाई दीडला निघाल्या तेव्हा मीच म्हटलं, "आज मी येऊ का तिकडे?" त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मुक्ताईंच्या घराला मागच्या बाजूने गॅलरी आहे. पलीकडे एका जुन्या बंगल्याचं आवार, त्यात रायआवळ्याचं आणि कुठलं कुठलं झाड माजलेलं. मालकांची आपसात कोर्टकचेरी चालू असल्यामुळे तिथे अजून इमारत उभी राहिलेली नाही. वरच्या ठोकाठोकीचा आवाज इथे फारच थोडा येत होता. दिवाणावर, खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या. फ्रिज बंद, त्याचं दार उघडं ठेवून मध्ये फडकं अडकवलेलं. भिंतीवर मुक्ताईंचा जगाचा नकाशा. विमलाबाईंनी पिशवीतून फोन काढला, बंद केला, पिशवीत ठेवला. मग गॅलरीच्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसल्या. मी त्यांच्यासमोर बसले.

"फोन बंद का करता?" मी विचारलं.

"चालू ठेवला की ते निकिताला लावायला लावतात. काल पाच वेळा लावला. काम काही नव्हतं. मी हॅलो म्हटलं की नुसतं विमल म्हणतात."

मग त्या गप्प झाल्या. डोळे मिटलेले नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, पण बघतही नसाव्यात. मी रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देते. शिबिरं केली आहेत. तरी दहा मिनिटांत माझी चुळबूळ सुरू झाली. गुडघा दुखायला लागला, गॅसवर काही राहिलंय का असं वाटायला लागलं. त्या हललेल्यासुद्धा नव्हत्या.

शेवटी मी हळूच विचारलं, "तुम्ही ध्यान करता का?"

"नाही हो. मला कुठं ते येतं."

"मग मनात काय चालतं?"

"काहीच नाही. इथं कोणी माझं नाव नाही घेत, तेवढंच."

मी आणखी पाच मिनिटं बसले आणि उठले. पुन्हा कधी गेले नाही. ती जागा त्यांची होती.

मार्चमधल्या एका मंगळवारी ते घडलं. ऊन चढलं होतं. विमलाबाईंनी त्या दिवशी कारल्याची भाजी केली होती आणि जाताना सांगितलं होतं की उद्या येताना चिंच आणते, संपलीय. मी जेवले, पंखा लावून आडवी झाले. झोप लागत होती तेवढ्यात फोन वाजला. मी घड्याळ पाहिलं, दोन वाजून पंचवीस मिनिटं.

"हॅलो, मी निकिता बोलतेय. विमलाबाईंची सून. आई आहेत का तिथं?"

"नाहीत. दीडलाच गेल्या."

"कुठे गेल्या काही सांगाल का? ते पाचवं घर... त्यांचा फोन बंद येतोय, बाबांना..."

"मला कसं माहीत असणार? आणि ही काय वेळ आहे का फोन करायची?" मी फोन ठेवून दिला.

तिने 'बाबांना' म्हटलं होतं. ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं की नंतर आठवलं, हे आजही मी नक्की सांगू शकत नाही. पण एक गोष्ट नक्की सांगू शकते. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, विमलाबाई समोर असतील. उठून आठ पावलं गेलं की त्यांच्या दाराची बेल. त्यांची तेवढीच दुपार असते, ती कशाला मोडा, असंही मी मनाशी म्हटलं. तेही खोटं नसेल. पण ते म्हणायच्या आधी मी कूस बदलली होती.

आणि मला झोप लागली. चांगली लागली.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. दोनच्या सुमारास निकिता मुलीला शाळेतून घेऊन आली तेव्हा ज्ञानदेव खाटेखाली पडलेले होते. छातीवर हात धरून होते, घामाने भिजलेले. तिने सासूला फोन लावला, बंद. संतोष कंपनीची गाडी चालवतो, तो हिंजवडीला होता. विमलाबाईंनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने चारही घरांचे नंबर लिहून ठेवले होते, तिने ते ओळीने लावले. पाचव्या घराचा नंबर तिथे नव्हता. शेवटी ग्रिलवाल्याने कटर बंद केलं, त्याच्या दोन माणसांनी ज्ञानदेवांना उचलून रिक्षात घातलं. रिक्षात आणि दवाखान्यात ते हाक मारत होते. तीच एक हाक. चार वाजून दहा मिनिटांनी गेले.

विमलाबाई चारला कुलूप लावून बाहेर पडल्या. जिन्यात फोन चालू केला. त्यावर सतरा मिस्ड कॉलचे मेसेज आले. पण त्यांना मेसेज बघायची सवय नव्हती. स्वारगेटला बस बदलताना संतोषचा फोन आला तेव्हा कळलं. स्वारगेटच्या चौकात संध्याकाळी कसं असतं ते सांगायला नको. त्यांनी रिक्षा केली, ती अडकली, म्हणून अर्ध्या वाटेत उतरल्या आणि दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. पोचल्या तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

डॉक्टरांनी सांगितलं की झटका मोठा होता, कोणी जवळ असतं तरी फरक पडला नसता. हे वाक्य त्यांना सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वाचले नसते, ते बरोबर आहे."

चौथ्या दिवशी मी बिबवेवाडीला गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. जिना लोखंडी आणि अरुंद होता. ग्रिलवाल्याने तीन दिवस दुकान बंद ठेवलं होतं म्हणे, त्या दिवशी उघडलं होतं आणि कटर चालू होतं. खोलीत शिरले तर खरोखरच तो आवाज तळपायातून वर आला. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. विमलाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. भिंतीला पाठ, पाय लांब. मला ते बसणं ओळखीचं होतं.

संतोष दारात उभा होता. तो आईशी बोलत नव्हता हे पाच मिनिटांत कळत होतं. पाहुण्यांना पाणी द्यायचं ते निकिताला सांगत होता, आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना. नंतर निकिताने सांगितलं की पाचवं घर कुठलं हे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि त्यांनी काही न लपवता सांगून टाकलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला होता, "बाबा हाक मारत होते."

निकिताने मला चहा दिला. कप देताना तिने माझ्याकडे बघितलं. मी "थँक यू" म्हटलं आणि वाटलं, आवाज ओळखला हिने. चहा न पिता ठेवताही येईना. मी तो संपवला, विमलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. जिना उतरताना मला एकदम हायसं वाटलं की त्या आवाजातून सुटले. त्या वाटण्याची मला अजून लाज वाटते.

चौदाव्या दिवशी त्या कामावर आल्या. बेल एकदाच वाजवली. आत आल्यावर पहिल्यांदा त्यांनी पदराच्या गाठीतून मुक्ताईंच्या घराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"रुपालीताईंना सांगा, मला नाही जमणार आता."

"अहो, पण खिडक्या..."

"तुम्ही उघडा ना ताई. समोरच तर आहे."

मग त्यांनी कणीक भिजवली. दीड वाजता निघून गेल्या, सरळ घरी. तीनच्या आत पोचत होत्या. तिथे आता त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. नात शाळेतून यायची आणि टीव्ही लावायची. संतोष उशिरा यायचा, जेवायचा, झोपायचा. निकिता वाईट वागत नव्हती. "पण घरात मी असले की ती दोघं हळू बोलतात," विमलाबाई म्हणाल्या. "आजारी माणसाजवळ बोलतात तसं."

किल्ली माझ्याकडे आल्यावर मी आठवड्यातून दोनदा जाऊन खिडक्या उघडत होते. पाच मिनिटांत काम उरकून बाहेर यायचे. गॅलरीच्या दाराशेजारी भिंतीवर एका जागी रंग जरा तुळतुळीत झाला होता, माणसाच्या पाठीएवढा. रुपालीला मी त्याबद्दल काही कळवलं नाही. पावसाळ्यात तिने घर भाड्याने द्यायचं ठरवलं. एक जोडपं आलं, दोघंही घरून काम करणारी. त्यांनी आल्या आल्या भिंती रंगवून घेतल्या, एसी बसवले, आणि दिवसभर फोनवर मोठमोठ्याने मीटिंगा सुरू झाल्या.

माझी दुपारची झोप मार्चपासून गेली होती. आडवी व्हायचे, पण दोन वाजले की जाग यायची आणि अडीचपर्यंत मी घड्याळाकडे बघत राहायचे. सकाळी श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की आधी निकिताचा आवाज यायचा. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. बुद्धभूषणला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, ओव्हरथिंक करू नकोस." म्हणून मी ठरवलं, विमलाबाईंनाच सांगायचं. सांगितलं की सुटेल असं वाटलं होतं.

ऑगस्टमधली सकाळ होती. त्या पोळ्या लाटत होत्या. मी ओट्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "विमलाबाई, त्या दिवशी निकिताचा मला फोन आला होता."

लाटणं थांबलं नाही. "माहीत आहे. तिनं सांगितलं होतं. तेराव्यालाच."

म्हणजे पाच महिने त्या हे मनात ठेवून रोज माझ्या घरी येत होत्या, माझ्या आवडीची आमटी करत होत्या.

"मग तुम्ही मला काही बोलला कशा नाहीत?"

"काय बोलायचं ताई? तुम्ही म्हणालात, इथं नाहीत. नव्हतेच ना मी इथं. तुम्ही झोपेत होता. झोपेतल्या माणसाला काय सुचतं." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "मी निकिताला पण तेच म्हटलं. ताईंना सुचलं असतं तर त्या उठल्या असत्या."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्यांनी माझ्यासाठी सगळं आधीच नीट लावून ठेवलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. पण मी इतके महिने जे घोकत होते ते थांबेना.

"मला सुचलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही समोर असाल असं माझ्या मनात आलं होतं. फोन ठेवल्या ठेवल्या. पण मी उठले नाही."

त्यांनी गॅस बारीक केला. तवा उतरवला नाही, नुसता बारीक केला. मग माझ्याकडे वळल्या. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर त्यांची बोली बरीच पुसली होती, पण आता ती आली.

"हे मले माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

तव्यावरची पोळी करपली, त्यांनी ती काढून बाजूला ठेवली आणि पुढची टाकली. सगळ्या पोळ्या केल्या, ओटा पुसला, डबा झाकला. जाताना दारात म्हणाल्या, "चालले ताई." रोजच्यासारखंच.

नंतर त्या आणखी अकरा दिवस आल्या. बाराव्या दिवशी निकिताचा फोन आला की आई आता इतक्या लांब येणार नाहीत, तुम्ही दुसरी बाई बघा. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, "तब्येत बरी आहे." फोन ठेवायची घाई तिला होती की मला, कोण जाणे.

माझं मन हलकं व्हावं म्हणून मी बोलले, हे मला तेव्हा कळत होतं आणि तरी मी बोलले. माझं झालं नाहीच. त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, की कोणालाच माहीत नव्हतं, कोणी काही करू शकत नव्हतं. तिच्यावर त्या पाच महिने कशाबशा उभ्या होत्या. ती मी काढून घेतली.

डिसेंबरमध्ये कांताबाईंकडून कळलं की विमलाबाई मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात एका गाळ्यावर लसूण निवडायला जातात. कांताबाईंनी त्यांना विचारलं होतं, एवढं चांगलं घरकाम सोडून तिथल्या गोंगाटात कशाला जाता. तर म्हणाल्या होत्या, गोंगाट आहे म्हणूनच जाते, बरं वाटतं.

मी एका शुक्रवारी गेले. स्वारगेटला बस बदलली आणि यार्डाच्या फाटकाशी उतरले. विचारत विचारत गाळा सापडला. टेम्पो मागे येत होते, हमाल ओरडत वाट काढत होते, कोणीतरी माइकवर भाव पुकारत होतं, आणि शेजारी रिकाम्या क्रेटांची चळत कोसळली तरी कोणी वळून बघितलं नाही. गाळ्याच्या तोंडाशी लसणाचा ढीग होता आणि त्याभोवती सात-आठ बायका गोल बसलेल्या. त्यांत विमलाबाई होत्या. वाळल्या होत्या. डोक्याला फडकं बांधलेलं, हात लसणाच्या सालींनी माखलेले.

त्यांनी मला बघितलं. उठल्या नाहीत, पण शेजारच्या बाईला जरा सरकायला लावून माझ्यासाठी एक पोतं ओढलं. मी त्यावर बसले. घरून निघताना मी काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते आता ओरडून बोलावं लागलं असतं. ओरडून बोलण्यासारखं ते नव्हतं. म्हणून मीही समोरची एक गड्डी उचलली आणि सोलायला लागले. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि सोलायची नाही, नुसती माती झटकायची आणि फुटकी बाजूला टाकायची, असं हाताने करून दाखवलं.

मी तसं करायला लागले. अर्धा तास आम्ही दोघी लसूण निवडत होतो. मध्ये एकदा त्या माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाल्या. तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि मला एक शब्दही ऐकू आला नाही. मी पुन्हा विचारलं नाही. मान हलवली. त्यांनीही हलवली आणि पुढची गड्डी उचलली.